वर्गाचा ब्लॉग चालू ठेवू की बंद करू?

पत्र

सप्रेम नमस्कार. मी मराठवाड्यातल्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत शिकवते. तिसरी-चौथी माझ्याकडे आहे, दोन्ही वर्ग मिळून पट 22. 2016 साली तंत्रस्नेही शिक्षकांच्या कार्यशाळेत ब्लॉग काढायला शिकले आणि तेव्हापासून तो नेटाने चालवतेय. वर्णनात्मक नोंदी, सरावपत्रिका, शासन निर्णय, निकालाच्या एक्सेल शीट असं सगळं त्यावर आहे. भेटींचा आकडा 45 हजारांच्या पुढे गेलाय. केंद्रप्रमुख शिक्षण परिषदेत माझं उदाहरण देतात. पण मागच्या पालकसभेत मी सहज विचारलं, ब्लॉग कोणी कोणी पाहिलाय? एकही हात वर आला नाही. मुलांना विचारलं तर त्यांनाही माहीत नाही. घरी फोन एकच असतो, तोही वडिलांबरोबर शेतात. सहकारी शिक्षक म्हणतात, बाई सदा मोबाइलमध्ये. त्यातच बक्षीस समारंभातल्या एका मुलीच्या फोटोखाली कुणी अनोळखी माणसाने ‘गोड आहे, कुठल्या गावची?’ असं लिहिलं आणि माझा धीर सुटला. ब्लॉग बंद करू का? आणि शिकवण्यासाठी खरोखर उपयोगी पडतील अशी ॲप कोणती? ग्रुपवर रोज नवीन येतं. सोबत यादी जोडली आहे. गूगल फॉर्मवरच्या ऑनलाइन चाचण्या घ्याव्यात का, तेही सांगा. नाव छापू नये ही विनंती.

उत्तर

बाई, नमस्कार.

आधी त्या फोटोचं बघा, बाकीचं नंतर वाचा. ती प्रतिक्रिया काढा, तो फोटो काढा, आणि ब्लॉगवर मुलांचे चेहरे जिथे जिथे नावासकट दिसतात ते सगळे फोटो आजच उतरवा. नुसती पोस्ट काढून थांबू नका. फोटोची थेट लिंक दुसऱ्या फोनवर उघडते का तेही तपासा. काढण्याआधी त्या प्रतिक्रियेचा स्क्रीनशॉट मात्र ठेवा, मुख्याध्यापकांना दाखवा आणि मुलीच्या आईवडिलांना स्वतः सांगा. दुसऱ्या कुणाकडून कळलं तर त्यांना जास्त लागेल. तोच माणूस पुन्हा कुठे डोकावला, मेसेज करू लागला, तर 1098 या बालकांच्या मदत क्रमांकावर आणि केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करता येते. तुमचा धीर सुटला यात तुमचं काही चुकलं नाही. शाळेचं नाव, गाव, मुलीचं पूर्ण नाव आणि चेहरा एकाच पानावर असला की कुणालाही तिच्यापर्यंत पोचता येतं.

आता ब्लॉगचं. बंद करू नका. पण तुमचा आजचा ब्लॉग मुलांसाठी कधी नव्हताच, एवढं आपण दोघांनी मान्य करून टाकू. ब्लॉगरच्या आकडेवारीत जाऊन महिन्यांचा आलेख उघडा. माझी पैज आहे, भेटी दोनदा उसळलेल्या दिसतील: एकदा पहिल्या सत्राच्या शेवटी दिवाळीच्या तोंडावर आणि एकदा एप्रिलमध्ये. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन 2010 पासून लागू झालं आणि दर सत्राला प्रत्येक मुलाच्या नोंदी लिहिणं आलं. ‘कविता तालासुरात म्हणतो’, ‘परिसर स्वच्छ ठेवतो’, ‘गटकार्यात सहभागी होतो’. तुमचे 45 हजार म्हणजे रात्री अकरा वाजता या नोंदी शोधणारे तुमचेच व्यवसायबंधू आहेत. त्यांना मदत झाली, यात वाईट काहीच नाही. (गोंदियातली मुलगी आणि सांगलीतला मुलगा एकाच वाक्यात बसतात याचं मला वाईट वाटतं, पण तो राग तुमच्यावर काढण्यात अर्थ नाही.) तो ब्लॉग शिक्षकांसाठी राहू द्या, वरती तसं लिहा, आणि तिथे वर्गाचं काही टाकू नका.

मुलं तो का उघडत नाहीत, याचं उत्तर फोनच्या तुटवड्यात अर्धंच आहे. समजा उद्या प्रत्येक घरात मुलाच्या हाती फोन आला. तो तुमची सरावपत्रिकेची पीडीएफ उघडून काय करेल? पाठ्यपुस्तकातला स्वाध्याय त्याच्या दप्तरात आहेच. तोच स्वाध्याय नेटवर्कची वाट बघून, बोटांनी मोठा करून, मान तिरकी करून तो कशाला वाचेल? आणि त्या ब्लॉगवर त्याचं स्वतःचं असं काहीच नाही.

तेव्हा वर्गासाठी दुसरा ब्लॉग काढा. त्यावर तुम्ही लिहायचं नाही. मुलांनी लिहायचं.

यात नवीन काही नाही. आपल्याकडे शाळाशाळांत हस्तलिखितं निघायची, भित्तिपत्रकं लागायची, तुमच्याही शाळेच्या कपाटात एखादं जुनं हस्तलिखित असेल. फ्रान्समध्ये सेलेस्तँ फ्रेने नावाचा एक खेड्यातला शिक्षक होऊन गेला. पहिल्या महायुद्धात त्याच्या फुप्फुसाला जखम झाली होती, त्यामुळे वर्गात सलग बोलायचं म्हटलं की त्याला दम लागायचा. बार-सूर-लू या डोंगराळ गावातल्या शाळेत त्याने 1924 मध्ये एक लहानसं छपाईयंत्र आणलं. मुलं गावातून फिरून यायची, पाहिलेलं सांगायची, लिहायची, सगळ्यांनी मिळून मजकूर ठाकठीक करायची आणि स्वतः खिळे जुळवून तो छापायची. पुढे हे छापलेले कागद टपालाने देशाच्या दुसऱ्या टोकाला, ब्रिटनीच्या किनाऱ्यावर त्रेगँक गावातल्या शाळेत जाऊ लागले आणि तिकडच्या मुलांचे इकडे येऊ लागले. मास्तरांना दाखवायला म्हणून लिहिणारी मुलं आता समुद्रकाठच्या, कधी न भेटलेल्या मुलांसाठी लिहू लागली. त्यांना काही कळलं नाही तर ती उलट विचारायची. फ्रेनेच्या सगळ्या पद्धतीत मला हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. आज छपाईयंत्र नको आणि टपालखर्चही नको. तुमच्या हातात ब्लॉग आहे, पण पलीकडची जोडशाळा नाही.

ती शोधणं तुम्हाला जड जाणार नाही. तुमच्या डी.एड.च्या बॅचमधलं कुणी ना कुणी कोकणात असेलच. मराठवाड्यातली कितीतरी मुलंमुली रत्नागिरी-सिंधुदुर्गात नोकरीला लागली आणि आंतरजिल्हा बदलीची वाट बघत तिथेच रमली. अशा एखाद्या मैत्रिणीला फोन करा. तिचाही तिसरी-चौथीचा वर्ग असेल तर उत्तम. आठवड्याला तुमच्याकडून चार मुलांचं लेखन, तिच्याकडून चार मुलांचं. दीड महिन्यात तुमच्या सगळ्या वर्गाची एक फेरी होते. याहून जास्त करायला जाऊ नका, दमाल आणि सोडून द्याल.

आता हे लेखन कसं करून घ्यायचं, ते जरा सविस्तर सांगतो, कारण इथेच बहुतेक शाळांचे ब्लॉग पडतात. ‘माझा आवडता प्राणी’वर दहा ओळी लिहून घ्यायच्या, त्यांचा फोटो काढायचा आणि टाकायचा, असं केलंत तर ते जोडशाळेतली मुलं एकदा वाचतील आणि दुसऱ्यांदा उघडणार नाहीत.

एका शाळेत पाहिलेलं उदाहरण देतो. चौथीतल्या मुलाने वहीत लिहिलं होतं: ‘आमच्याकडे म्हैस आहे. म्हैस काळी असते. ती गवत खाते. ती दूध देते. म्हैस उपयुक्त प्राणी आहे. मला म्हैस खूप आवडते.’ शुद्धलेखनाची एकही चूक नाही. बाईंनी लाल पेन उचललं नाही, शाबासकीही दिली नाही. त्याला पुढे उभं केलं, मोठ्याने वाचायला लावलं आणि वर्गाला सांगितलं, याच्या म्हशीबद्दल तुम्हाला जे माहीत नाही ते विचारा. हात वर झाले. दूध किती देते? नाव काय? मारकी आहे का? धार कोण काढतं? तो उत्तरं देत गेला, बाईंनी फळ्यावर फक्त प्रश्न लिहिले, उत्तरं नाही. दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा लिहून आणलं: ‘आमच्या म्हशीचं नाव चंद्री. सकाळी पाच लिटर देती आन् संध्याकाळी चार. आजी धारेला बसली तरच पान्हा सोडती. बापू बसला की लाथ मारती. म्हणून आजी कुणाच्या लग्नाला मुक्कामी जात नाही.’

शेवटचं वाक्य त्याला कुणी शिकवलं नाही. धार कोण काढतं, एवढाच प्रश्न होता.

हेच तुमच्या ब्लॉगच्या मागचं खरं काम आहे. ते ब्लॉगवर होत नाही, वर्गात होतं, पाटी-वहीवर होतं. आधी सुचेल तसं लिहायचं, वाचून दाखवायचं, प्रश्न घ्यायचे, पुन्हा लिहायचं, आणि मगच ते बाहेर जाईल. जोडशाळा आली की प्रश्न विचारणारे बदलतात आणि गंमत वाढते. वर्गातल्या मुलांना चंद्रीचा गोठा माहीत असतो, कोकणातल्या मुलांना नसतो. तिकडून कुणी लिहील, पावसात शाळेत यायला साकव ओलांडावा लागतो. तुमची मुलं विचारतील, साकव म्हणजे काय, तो पडला तर शाळेला सुट्टी का? तुमच्याकडून कुणी लिहील, टँकर आला की आई कामावर खाडा करते. तिकडची मुलं विचारतील, कुठला टँकर? या प्रश्नांची उत्तरं लिहिताना मूल जितकं नेमकं लिहायला शिकतं तितकं ‘आणखी सविस्तर लिही’ असा शेरा मारून कधी शिकत नाही.

दुरुस्तीचं एक धोरण आधीच ठरवून ठेवा, नाहीतर पालक विचारतील. ‘देती’चं ‘देते’ करू नका, ती त्याच्या घरची भाषा आहे आणि त्या मजकुरात ती शोभते. पण ‘म्हैस’चं ‘म्हेस’ झालं असेल तर बाहेर जाण्याआधी त्याच्याकडूनच सुधारून घ्या. प्रमाणभाषेचे धडे वेगळ्या तासाला होतातच. आणि घरून कुणी दादा-ताईने मोबाइलवरच्या एआयकडून निबंध लिहून दिला, तर ओरडू नका. त्यालाही पुढे उभं करून वर्गाला प्रश्न विचारू द्या. एआयला चंद्री माहीत नसते, ते वर्गाला दोन मिनिटांत कळतं.

मग मुलं हे वाचणार कुठे? घरच्या फोनची वाट बघूच नका. लोकवर्गणीतून घेतलेला एलईडी टीव्ही पुष्कळ शाळांत आहे, तुमच्याकडेही असेल तर परिपाठात दहा मिनिटं त्यावर जोडशाळेचं लेखन मोठ्याने वाचा, एका दिवशी एकच. नेटवर्क रडत असेल तर आदल्या रात्री घरी ते पान पीडीएफ करून पेनड्राइव्हवर घ्या. टीव्हीच नसेल तर दोन कागदांवर छापून भिंतीला लावा. पालकांसाठी लिंकपेक्षा आवाज चांगला. मुलाने स्वतःचं लिहिलेलं मिनिटभर वाचलेलं रेकॉर्ड करा आणि संध्याकाळी आठनंतर, म्हणजे फोन घरी आल्यावर, पालकांच्या ग्रुपवर टाका. ज्या आजीला वाचता येत नाही तिलाही चंद्रीचं ऐकता येईल.

टायपिंगचा बाऊ नको, पण तिथे एक खाच आहे. फोनवर मराठी लिहिताना बहुतेक जण इंग्रजी अक्षरांतून लिहितात, ‘mhais’ टाकलं की ‘म्हैस’ येतं. तुम्हाआम्हाला ते सोयीचं आहे. तिसरी-चौथीच्या मुलाला ते देऊ नका. तो अजून जोडाक्षरं बसवतोय, त्याला प्रत्येक शब्द आधी रोमन लिपीत मोडायला लावणं म्हणजे उलटा घास. गूगलच्या कीबोर्डमध्ये मराठीचा देवनागरी आराखडा निवडता येतो, तोच ठेवा. त्यात मूल म, मग हलन्त, मग ह, असं अक्षर जोडत जातं, आणि जोडाक्षर कसं बनतं ते त्याला बोटांनी कळतं. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांच्यासाठी ‘ऱ’ हे वेगळं अक्षर लागतं, ते मुलांना शोधायला सांगा, खूश होतात. शाळेत संगणक असेल तर इन्स्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांचा कीबोर्ड शिकवायला हरकत नाही: स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, आणि एकदा बसलं की भारतातल्या बहुतेक लिप्यांना तेच बैठकीचं वळण. बोलून टाइप करण्याची सोय मराठीत बरी चालते, पण ग्रामीण उच्चारांना ती हमखास अडखळते आणि विरामचिन्हं हातानेच घालावी लागतात. आठवड्यातल्या चारांपैकी एकच मजकूर दोन मुलांनी मिळून टाइप करावा, बाकी तीन वहीचे फोटो काढून गेले तरी चालतील. चित्रं काढलेली असतील तर फोटोच जास्त गोड दिसतो. मात्र फोटो वहीचा, मुलाचा नव्हे.

तुमच्या यादीतली ॲप. बाई, निम्म्याहून जास्त पुसून टाका. ज्यात मुलाला रंगीत फुगा फोडायला पाच-सहाचा पाढा येण्याची गरज नसते, ते पाढ्याचं ॲप नव्हे. दीक्षा हे सरकारी ॲप ठेवा. 2017 पासून ते आहे, बालभारतीच्या पुस्तकातल्या क्यूआर कोडमधून थेट त्या पाठाच्या साहित्यावर जाता येतं, आणि आवडलेलं साहित्य उतरवून विनानेट दाखवता येतं. (पुस्तकातल्या क्यूआर कोडचा विषय निघाला की सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींचं नाव येतंच. 2020 मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, 10 लाख डॉलरचं, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर 9 शिक्षकांत वाटून टाकली.) पण दीक्षावरचं सगळंच चांगलं नाही. आधी स्वतः पाहा. ज्या चित्रफितीत फक्त धडा वाचून दाखवलाय, ती तुमच्यापेक्षा काही जास्त देत नाही.

कोलोरॅडो विद्यापीठाची फेट नावाची संकेतस्थळावरची विज्ञान-गणिताची प्रात्यक्षिकं पाहा. फुकट आहेत, पुष्कळशी मराठीत भाषांतरित आहेत, आणि ती उतरवून ठेवता येतात. अपूर्णांकांचं प्रात्यक्षिक टीव्हीवर लावून मुलांना एकेक करून समोर बोलावलंत तर एका तासात फळ्यावरच्या चार तासांचं काम होईल. वाचायला प्रथम बुक्स या प्रकाशनाचं स्टोरीवीव्हर हे गोष्टींचं संकेतस्थळ आहे. 2015 पासून सुरू आहे, मराठी गोष्टी भरपूर, परवाना मोकळा, त्यामुळे छापून वाटल्या तरी कुणी अडवत नाही. आणि ‘किशोर’ विसरू नका. बालभारतीने 1971 मध्ये काढलेल्या या मासिकाचे जुने अंक आता संगणकावर फुकट वाचायला मिळतात. जुन्या अंकांची चित्रंच बघत बसावीशी वाटतात. अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावरची टाकाऊतून खेळण्यांची पानं तुम्हाला माहीत असतीलच. शिक्षक म्हणून तुमच्यासाठी मराठी विश्वकोश. एवढ्यात वर्ष निघेल.

गूगल फॉर्मच्या ऑनलाइन चाचण्यांबद्दल तुम्ही विचारलंय. 2020 च्या टाळेबंदीच्या काळात आपण सगळ्यांनीच त्यांचा अतिरेक केला. पाच प्रश्न सोडवा आणि ई-प्रमाणपत्र मिळवा! पर्यावरण दिन, योग दिन, वाचन प्रेरणा दिन, प्रत्येकाचं प्रमाणपत्र. मुलांनी हिरवी खूण येईपर्यंत पर्याय दाबले आणि मोठ्यांनी प्रमाणपत्रं स्टेटसला लावली. मात्र चाचणीत स्वतः काही वाईट नाही. रोडिगर आणि कार्पिक या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला होता. विद्यार्थ्यांनी उतारा वाचला, मग काहींनी तोच पुन्हा वाचला आणि काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणजे आठवायला लावणं हेच शिकवणं आहे, आणि त्याला फॉर्म लागत नाही. रोज सकाळी कालच्या पाठावर तीन प्रश्न, पाट्या वर करा, झालं. फॉर्म ठेवायचा असेल तर तुमच्या कामासाठी ठेवा, पालकांची माहिती गोळा करायला वगैरे.

आता परवानग्या, थोडक्यात पण टाळू नका. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत वर्गाच्या ब्लॉगचा विषय घ्या, इतिवृत्तात लिहा, आणि प्रत्येक पालकाची सही असलेलं संमतिपत्र फाइलला ठेवा. त्यात एक ओळ असू द्या की पालकांनी सांगितलं की मुलाचं लेखन उतरवलं जाईल. व्यक्तिगत विदा (डेटा) संरक्षणाचा 2023 चा कायदा 18 वर्षांखालच्या सगळ्यांना बालक मानतो आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अपेक्षा धरतो. कायदा नसता तरी हे करायला हवं होतं. ब्लॉगवर मुलाचं फक्त पहिलं नाव आणि इयत्ता. आडनाव नाही, गाव नाही, चेहरा नाही. घरातलं भांडण, दारू, कर्ज असं काही मुलाने लिहिलं तर ते तुमच्याशी बोलण्यासाठी आहे, छापण्यासाठी नाही, आणि काही काळजीचं असेल तर तुमचं काम तिथून सुरू होतं. प्रतिक्रिया तुम्ही वाचल्याशिवाय दिसणार नाहीत अशी सेटिंग ‘नेहमी’वर ठेवा. मुलांची स्वतःची खाती काढून देऊ नका. 13 वर्षांखालच्या मुलाला गूगलचं खातं स्वतंत्रपणे वापरता येत नाही, आणि जन्मसाल खोटं टाकून खातं काढायला आपणच शिकवलं असं व्हायला नको. जाहिराती बंद. चंद्रीच्या खाली पत्त्यांच्या ॲपची जाहिरात लागलेली कुणालाही आवडणार नाही, शिवाय सेवेत असताना वेगळी कमाई म्हणजे परवानगीचा प्रश्न आलाच.

जाता जाता तुमच्या जुन्या ब्लॉगबद्दलही एक. त्यावर कुणा प्रकाशकाची अख्खी मार्गदर्शिका स्कॅन करून टाकलेली असेल तर काढा. वर्गात शिकवताना उतारा वापरायला 1957 चा कॉपीराइट कायदा शिक्षकाला मुभा देतो, पण ती सगळ्या जगाला वाटायची मुभा नव्हे.

वर्गाचा ब्लॉग तुमच्या खासगी ईमेलवर काढू नका. शाळेच्या नावाने नवं खातं काढा आणि ॲडमिन म्हणून तुम्हा दोघांनाही जोडा. तुमची बदली झाली की ब्लॉग तुमच्याबरोबर गावाबाहेर जायला नको. मी पाहिलेले कितीतरी शाळांचे ब्लॉग शिक्षकाच्या बदलीच्या तारखेला थांबलेत. आणि दोन वर्षं कुणीच न उघडलेलं खातं गूगल पुसून टाकू शकतं, हेही नोंदवहीत लिहून ठेवा. दर सत्राच्या शेवटी ब्लॉगची प्रत उतरवून शाळेच्या पेनड्राइव्हवर ठेवली, आणि मुलांचं निवडक लेखन छापून एका फाइलला लावलं, की काही गेलं तरी फाइल राहते.

राहिले तुमचे सहकारी आणि केंद्रप्रमुख. सहकाऱ्यांना सगळं समजावत बसू नका. त्यांच्या पहिली-दुसरीला शनिवारच्या सकाळच्या शाळेत तुमच्या वर्गात बोलवा आणि तुमच्या मुलांना वाचून दाखवू द्या. पहिलीची मुलं प्रश्न विचारण्यात कुणाला ऐकत नाहीत, आणि त्या तासाला तुमच्या हातात मोबाइल नसेल हेही त्यांना दिसेल. केंद्रप्रमुख भेटींचा आकडा विचारतील, कारण त्यांनाही वर तोच कळवायचा असतो. त्यांच्यासमोर एकाच मुलाचे दोन मसुदे ठेवा, जूनमधला आणि दिवाळीआधीचा, आणि वाचायला वेळ द्या. जुन्या ब्लॉगचा आकडा त्यांना हवाच असेल तर तो द्या, त्यात काही बिघडत नाही.

पहिले दोन-तीन महिने नवा ब्लॉग कुणाला दाखवू नका. सेटिंगमध्ये शोधयंत्रांना दिसू नये अशी सोय आहे ती लावा आणि लिंक फक्त जोडशाळेच्या बाईंना द्या. अगदी निवडक वाचकांपुरता बंद ठेवण्याचीही सोय आहे, पण मग वाचणाऱ्या प्रत्येकाला गूगल खात्यातून आत यावं लागतं, पालकांना ते जमणार नाही. आणि मैत्रिणीला फोन करताना तिच्या वर्गाचा पट विचारून घ्या. तिच्याकडे सातच मुलं असतील, कोकणात असतात, तर आठवड्याला चार लेखांचा हिशोब तिला झेपणार नाही. तिच्याकडून दोनच घ्या.